गळका कार्बोरेटर आणि लसीचा डबा

मंडळी, माझ्या मोटारसायकलचा कार्बोरेटर आता गळत नाही. खाली कागद धरून आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनीच खात्री केली.

सकाळी त्यांना लसीच्या डब्यासह जिवतीकडच्या एका वस्तीवर नेत होतो. घाटात पेट्रोल ठिबकू लागलं. डब्यातला बर्फ वितळत होता आणि मी कार्बोरेटरचे स्क्रू आवळत बसलो.

"आवळून काऊन राह्यले भाऊ? अंदर कचरा अडकला असंन. पहिले पेट्रोलचा कॉक बंद करा, मंग खालचा स्क्रू ढिला करा," सिस्टर म्हणाल्या.

किराणा दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घेतल्याचं मी कबूल केलं.

"मंग कचरा फुकटच भेटला तुमाले."

स्क्रू ढिला केला, पेट्रोलसोबत काळा कचरा बाहेर आला; स्क्रू परत आवळून कॉक उघडला आणि गळती थांबली. लसी वेळेत पोहोचल्या.

पुढच्या बुधवारी पुन्हा जायचंय. मी फिल्टर बसवतोय, पण सिस्टर म्हणतात, "गाडी मी चालवतो, तुमी डबा धरा." सांगा, हो म्हणू?