जावयाचा रानटी

"मारू नको रे त्याह्यले! जवाई हायेत ते आपले!"

आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली तेव्हा चुलीवरच्या खापरावर टाकायची मांड्यासारखी पातळ पुरणपोळी तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरलेली होती, आणि ती ओघळून खाली येतेय याचं तिला भान नव्हतं. दिवस अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुपार मे महिन्यातल्या जळगावची, म्हणजे पंख्यातून वारा नव्हे, वाफ येत होती. मधल्या खोलीत सतरंजीवर माझा धाकटा भाऊ पप्पू, समोर खुर्चीवर आमचे दाजी आणि बाजूला मी. मारायचं होतं ते अर्थात दाजींना नव्हे, दाजींच्या कागदावरच्या रानटी माणसाला. मारणारा गुहेतला एक राक्षस होता आणि तो सर्वस्वी पप्पूच्या तोंडात राहत होता. पण जावई वेगळा आणि जावयाचा रानटी वेगळा, हे आईला मान्य नव्हतं. पप्पूने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "राक्षसाने गदा उगारली... आणि त्याचा पाय घसरला. पडला. डोकं दगडावर आपटलं. मेला." दाजींनी हातातली आमरसाची वाटी हळूच खाली ठेवली.

आमच्या दाजींइतका सालस माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि पाणी आटलं तर नदीच्या पात्रातही सापडायचा नाही. आमच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धुळ्याला सरकारी नोकरी, जवळच्या खेड्यात चार भावांत शेती. एकदा धुळ्याहून येताना एसटीत एक जाडजूड गृहस्थ झोपेच्या गुंगीत चक्क दाजींच्या मांडीवर बसला. दाजी पारोळ्यापर्यंत काही बोलले नाहीत. पारोळ्याला विचारलं, "बसायला नीट जमतंय ना?" आणि सालसपणाच्या जोडीला चिकित्सा. माठ घ्यायचा तर दाजी बाजारात तो पाण्याने भरून घेत आणि पाझरतो किती ते बघायला शेजारी बसून राहत. एकदा असे बसले, की कुंभारीण त्यांच्या भरवशावर दुकान टाकून घरी जेवून आली आणि तोवर दाजींनी तिचे चार माठ विकलेले होते. स्वतःचा मात्र ठरला नव्हता. बैल बघायला तर लोक त्यांना तीन तालुक्यांतून बोलावत. दाजी बैलाकडे इतका वेळ बघत, की शेवटी बैलच लाजून मान वळवी.

अशा माणसाच्या नशिबी सासुरवाडी म्हणून आमचं घर आलं. आमच्या घरी जावई म्हणजे देव्हाऱ्यातून थोड्या वेळासाठी बाहेर आलेली वस्तू. आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, आवाज असा, की मेहरूणच्या तळ्याच्या अलीकडे ते मजुराला हाक मारत आणि असोद्याला आमच्या केळीच्या मळ्यात मजूर 'आलो' म्हणे. पण दाजी आले, की आबा देवळात बोलल्यासारखे बोलत. भर उन्हाळ्यात दाजी सहज म्हणाले, "आज जरा गार वाटतंय," तर आबांनी कपाटातून स्वेटर काढला आणि घामाने निथळत संध्याकाळपर्यंत अंगात ठेवला. अखाजीला आमच्याकडे पत्ते कुटायची चाल, बायका झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर. पण लग्न झाल्यापासून दाजी आमच्या घरात एकही डाव हरले नव्हते. आबा आपले तीन एक्के मांडीखाली दडपून ठेवत आणि "पाहुण्यांचा हात आज जोरात आहे" असं म्हणत पत्ते टाकत. दाजींना ते दिसे. बैलाचा चोरून झाकलेला लंगडा पाय ज्यांना लांबून दिसतो, त्यांना सासऱ्याच्या मांडीखालचे एक्के दिसणार नाहीत? पण बोलणार कसं? मला एकदा अंगणात हळूच म्हणाले, "माझ्या गावात मला गुरं राखणारासुद्धा हरवतो." हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं, की मला वाटलं दाजींना कसलंतरी बक्षीस मिळालं आहे.

हा खेळ घरात आणला पप्पूने. तो इंजिनिअरिंगला होता, त्याच्या हॉस्टेलमधल्या एका मित्राचा मामा अमेरिकेत होता आणि मामाने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. त्याची पप्पूने झेरॉक्स काढली. ती इतकी काळी, की वाचल्यावर हात साबणाने धुवावे लागत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि मारामारीत कोणाचा वार बसला ते फाशांनी ठरवायचं, असा एकूण प्रकार. फासे वीस बाजूंचे. अख्ख्या जळगावात वीस बाजूंची वस्तू मिळेना, तेव्हा गणपती मंडळाच्या हाऊजीतल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या एका कापडी पिशवीत घातल्या. हात घालायचा, सोंगटी काढायची, जितका आकडा मोठा तितका वार जबर. मी मांत्रिक झालो होतो. माझा मांत्रिक इतका अशक्त होता, की मोठ्याने मंत्र म्हटला तर त्याला दम लागे.

दिवाळीला दाजी आले, दोन दिवस आमचा खेळ नुसता बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मलाही एक माणूस पाहिजे. हा रानटी बरा वाटतो." आईने लगेच पप्पूला आत बोलावून झापलं. "जवायाले रानटी म्हन्तं का कोनी? राजा कर त्याह्यले!" पण दाजी रानटीवरच अडून बसले. मग त्याचं बळ, चपळाई, तब्येत, अक्कल असं एकेक ठरवायला पिशवी पुढे केली. दाजींनी बळासाठी हात घातला, आला सात. पप्पू म्हणाला, "हात चुकून लागला दाजी, परत काढा." परत पाच आला. "आता पिशवी हलली." अशी पिशवी हलत हलत दाजींचा रानटी बळात अठरा, अकलेत अठरा, देखणेपणात अठरा असा होत गेला, आणि आई दारातून बघत होती, ताटात तुपाची धार धरल्यासारखी. "अजून वाढ रे त्याह्यले. लाजतात ते." तो कागदावरचा माणूस दुपारपर्यंत इतका बलवान, विद्वान आणि रूपवान झाला, की त्याला रानात राहायचं कारणच उरलं नाही.

दाजींनी तो कागद बैल बघावा तसा बघितला. वरून, खालून, उजेडात धरून. मग खिशातून पेन काढलं. "बिनखोडीचं जनावर मी अजून बाजारात पाहिलं नाही," म्हणाले, आणि अठरा खोडून तेरा केले. पप्पू गयावया करू लागला, "सोळा तरी ठेवा दाजी." "पुरे." "पंधरा?" "पुरे म्हटलं ना." बळ तेरा, अक्कल नऊ, देखणेपण सहा. डाव्या गुडघ्यात थंडीत कळ येते, हेही लिहिलं. मग पप्पूच्या पुस्तकात ज्यांचा विचार अमेरिकेतल्या कोणालाच सुचला नव्हता ते प्रश्न सुरू झाले. हा माणूस कुऱ्हाड घेऊन हिंडतो तेव्हा घरी गुरांना चारापाणी कोण करतं? याचं जेवण काय? पप्पू म्हणाला, "मांस. कच्चं." दाजींना ते पटलं नाही. त्यांनी त्याच्या शिदोरीत कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा बांधून दिला. संक्रांतीला आले तेव्हा कुऱ्हाडीचा दांडा कसल्या लाकडाचा यावर दोन दिवस गेले. शेवटी बाभळीवर सौदा ठरला.

एकच रकाना रिकामा राहिला. पुस्तकाच्या नियमाप्रमाणे रानटी माणूस चवताळला, की त्याचं बळ दुप्पट होतं, पण तो कशाने चवताळतो हे ज्याने त्याने आधीच ठरवून लिहायचं असतं. दाजींना काही सुचेना. स्वतःच्या आयुष्यात शोधायला गेले तर तिथे मांडीवर बसलेला माणूससुद्धा कामाचा नव्हता. उठले, तळ्याला एक चक्कर मारून आले, चप्पल काढता काढता पप्पूला म्हणाले, "लिही. त्याला कोणी मुद्दाम जिंकू दिलं, की तो चवताळतो." पप्पूने लिहून घेतलं. कोणासाठी लिहितोय ते त्याच्या लक्षात आलं नाही. इंजिनिअरिंगला असल्यावर असं होतं.

तर अखाजीची ती दुपार. राक्षस पाय घसरून मेला होता आणि दाजींनी रसाची वाटी खाली ठेवली होती. ते म्हणाले, "कागद बघ. माझा रानटी चवताळला."

"पण दाजी, आता समोर कोणी नाही. चवताळून मारणार कोणाला?"

"तुला," दाजी म्हणाले, आणि त्यांनी सोंगट्यांची पिशवी सतरंजीवर पालथी केली. माठ भरून बघणारा माणूस, त्याने सोंगट्या ओळीने मांडल्या. सोळापर्यंत सगळ्या होत्या. सोळाच्या पुढे सतरंजी. म्हणजे पाय घसरला नसता तरी राक्षसाचा जबर वार दाजींना बसणारच नव्हता. पप्पूने दोन्ही कानांना हात लावले. मी माझ्या मांत्रिकाची शपथ घेतली. मग सगळ्यांचे डोळे हळूहळू दाराकडे वळले. आईने पोळी कशीबशी परातीत टाकली, हात पुसले आणि कमरेच्या कनवटीतून चार सोंगट्या काढून दिल्या.

"माह्या पोरीचा संसार हाय," ती म्हणाली. "तुमचा राग नाही परवडत आमाले."

दाजी खुर्चीवरून उठले. त्यांना कधी कोणी ओरडताना ऐकलं नव्हतं, अक्कानेही नाही. धुळ्याकडची गावची बोली ते आमच्यासमोर कधी बोलत नसत, ती त्या दिवशी पोटातून वर आली. "हाई बठ्ठं खोटं शे! पत्ता खोटा, डाव खोटा, आते राक्षसबी खोटा! मी काय ल्हान पोऱ्या शे का? माले एकदाव खरं मारा ना!" ओरडून झाल्यावर ते स्वतःच दचकले आणि आजूबाजूला पाहू लागले, कोण ओरडलं म्हणून. आबांनी आतल्या खोलीतला रेडिओ बंद केला. अक्का झोक्यावरून उतरून दारात आली आणि नवऱ्याकडे असं बघू लागली, जसं लग्नाआधी बघायचं राहून गेलं होतं.

मग दाजी खुर्ची सोडून सतरंजीवर मांडी घालून बसले. चारही सोंगट्या स्वतःच्या हाताने पिशवीत टाकल्या. "हं," म्हणाले, "काढ दुसरा राक्षस."

पप्पूने मेलेल्या राक्षसाचा थोरला भाऊ काढला. आणि तो पप्पू नव्हताच. बहिणीच्या नवऱ्याला घाबरणारा पप्पू कुठेतरी गेला आणि धाकट्या भावाचं सुतक डोक्यात घेतलेला एक आडदांड राक्षस तिथे बसला. पहिला वार दाजींचा, चौदा. राक्षसाचा कान गेला. दुसरा राक्षसाचा, सतरा. रानटीच्या बरगड्या. दाजींच्या कपाळावर घाम आला, आणि तो उन्हाळ्याचा नव्हता. ते डाव्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, जसा तो त्यांचाच दुखत असावा. माझा मांत्रिक एका दगडाआड होता, तिथून त्याने जे काही केलं ते सांगण्यासारखं नाही. आईने तोंडाला पदर लावला. इतके सुंदर आमचे दाजी कधी दिसले नव्हते. वार बसला, की डोळे मिटत. चुकला, की पोरासारखे हसत. रानटीचा जीव कमी कमी होत अगदी थोडा उरला.

पप्पू म्हणाला, "दाजी, गुहेची मागची वाट मोकळी आहे. पळता येईल."

दाजींचा पिशवीकडे निघालेला हात थांबला. "हे नियमात आहे, का माझ्यासाठी?"

"नियमात आहे."

दाजींनी पप्पूकडे पाहिलं. बैलाच्या दाताकडे बघावं तसं खूप वेळ पाहिलं. मग दारातल्या आईकडे, आतून डोकावणाऱ्या आबांकडे. "पाहुण्यांचा हात जोरात आहे" असं म्हणणारी सगळी तोंडं त्यांनी एकदा बघून घेतली.

"नाही पळत," ते म्हणाले.

पप्पूने पिशवीत हात घातला. एकोणीस. पप्पू अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मेला, दाजी." दाजींनी मान हलवली, रानटीच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि चार पुरणपोळ्या खाल्ल्या. आई वाढताना कोणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. तिने आग्रह केला नाही आणि दाजींनी 'पुरे' म्हटलं नाही, ही आमच्या घराण्यातली तशी पहिलीच पंगत.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या गाडीवर त्यांना पोचवायला आम्ही सगळे स्टँडवर गेलो. आबांनी टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. पप्पू बॅग वर टाकून खाली उतरला आणि खिडकीशी जाऊन म्हणाला, "दाजी, ती वाट खरंच होती हो. पुस्तकात आहे. आईशप्पथ." दाजींनी खिशातून रानटीच्या कागदाची घडी काढली आणि उघडून बघितली. पप्पू पुढे नोकरीला पुण्याला गेला, सोंगट्या गणपतीवाल्यांनी परत मागून नेल्या, आणि त्या सतरंजीवर दाजी पुन्हा कधी बसले नाहीत, खुर्चीवरच बसले. पण ते नंतरचं. त्या वेळी ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती आणि आबा घाईघाईने खिडकीची दांडी धरून, देवळातल्यापेक्षाही खालच्या आवाजात विचारत होते, "पाहुणे, कालचं मनात नाही ना ठेवलं काही?"

"नाही आबा," दाजी म्हणाले. "पळायला पाहिजे होतं मी."