उजव्या बाजूचे पंचवीस

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला तेव्हा मी जळकोटकडच्या एका खेड्यात दहावीला गणित शिकवत होतो. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. टँकर यायचा तो नेमका माझ्या तासाला. हॉर्न वाजला की मुली उठायच्या. घागर सकाळपासून रांगेत ठेवलेली असली तरी ती भरायला माणूस लागतोच. चिडून तरी कोणावर चिडणार?

टँकरची वेळ बदला म्हणून तहसिलात गेलो. त्यांनी लातूरला पिटाळलं. लातूरच्या साहेबांनी सांगितलं, तुमच्या गावचे कागद अजून उस्मानाबादेतच आहेत. मी हात हलवत परत आलो.

वर्गात एक मुलगी होती, घरात थोरली. पास झालीस तर उदगीरला कॉलेज, नाही तर देवणीचं स्थळ आहेच, असं वडिलांनी तिला बजावलं होतं. पूर्ण वर्ग करून समीकरण सोडवायची रीत मी शिकवली ते सगळे तास तिचे टँकरपायी बुडाले. शेवटी एका रविवारी मीच रांगेत तिच्यापाशी गेलो आणि काडीनं मातीत मांडलं: क्ष वर्ग अधिक दहा क्ष बरोबर चोवीस. दहाचं निम्मं पाच, पाचाचा वर्ग पंचवीस. ते डावीकडं मिळवले. आता उजवीकडंही, असं म्हणणार तोच टँकर आला. एकच झुंबड उडाली आणि माझं समीकरण पायांखाली गेलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर समजलं म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी खोदून विचारलंच नाही.

बोर्डाचा पेपर सुटला तेव्हा ती केंद्राबाहेर उभी होती.

"सर, तुमी मातीत काढलं तसंच केलं," ती म्हणाली. "वर्ग झाला, पण पुढं वर्गमूळच निघंना."

दोन्ही बाजूंना मिळवलंस ना, मी विचारलं.

"दोन्ही?"

मी काडी शोधायला खाली वाकलो. तीच मला म्हणाली, "जाऊ द्या सर," आणि बैलगाडीकडं गेली.

तिचं गणित थोड्या मार्कांनी गेलं. वडिलांना भेटलो, ऑक्टोबरला पुन्हा बसवा म्हणालो. त्यांनी चहा पाजला आणि लग्नाची पत्रिका हातात दिली.

श्रावणात लातूरहून हुकूम आला: टँकर यापुढे शाळा सुटल्यावर सोडावा. मुख्याध्यापकांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. तेव्हा विहिरीला पाणी आलं होतं, आणि ती देवणीला नांदत होती.