खोलण्यासाठी दिलेली गाडी

बॉनेट उघडं होतं, इंजिन चालू होतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत होता. कर्नल रणदिवे नाकाला रुमाल लावून उभे होते.

"बंद कर रे, पुरे झालं," ते म्हणाले. "काय म्हणतोय पेशंट?"

मी जयपूरच्या एका मोटार वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनियर आहे. कर्नलसाहेब रिटायर होऊन इथेच राहिलेले. मूळचे साताऱ्याचे, मीही तिकडचाच. त्यामुळे त्यांच्या जुन्या अँबेसेडरला माझ्याशिवाय कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

"रिंगा गेल्यात, काका. बेअरिंगही वाजतंय."

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. पिस्टनभोवती बांगडीसारख्या रिंगा असतात. त्या झिजल्या की खालचं ऑइल वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. मग इलाज एकच. इंजिन उतरवायचं, पूर्ण खोलायचं, झिजलेलं सगळं बदलायचं.

आमचे वर्क्स मॅनेजर माथुरसाहेब केबिनमधून आले. "कर्नलसाब, इसमें अब कुछ नहीं रखा. कबाड़ी को बुला दूँ?"

कर्नलसाहेबांचा चेहरा उतरला. मुलाने बुक केलेली नवी छोटी गाडी त्या आठवड्यात घरी आली होती. ही ठेवायला जागा नव्हती. पण त्यांच्या पत्नी मालतीकाकू याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. काकू जाऊन फार दिवस झाले नव्हते.

"पलटणीत म्हातारा घोडा कुणी खाटकाला देत नाही," ते मला मराठीत म्हणाले. "विकायची नाही. कुणाला तरी देऊन टाकू. तू सांग, कुणाला?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं.

जयपूरबाहेर बस्सीच्या रस्त्याला मोटार मेकॅनिकचा कोर्स चालवणारी एक सरकारी संस्था आहे. तिथले इन्स्ट्रक्टर मदनलालजी पार्ट मागायला आमच्याकडे येत. फुटका व्हॉल्व्ह, वाकलेला रॉड, जे आम्ही फेकणार ते. एकदा त्यांचा वर्ग बघितला. फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेलं इंजिन. चित्र उत्तम होतं. पण देशाला एकविसाव्या शतकात नेण्याची भाषणं रेडिओवर चालू होती, आणि इथे मेकॅनिक खडूवर घडत होते! ती मुलं पास होऊन आमच्याकडे नोकरीला आली की माथुरसाहेब एकच प्रश्न विचारत, "इंजन खोला है कभी?" उत्तर 'नाही' असलं की सर्टिफिकेट परत आणि हातात पाण्याचा पाइप. मग वर्षानुवर्षं गाड्या धुवायच्या.

"बिघडलेलं इंजिनच त्यांना हवंय, काका," मी म्हणालो. "चालू गाडीवर काय शिकणार? रिंग का झिजते ते झिजलेल्या रिंगेवरच कळतं. यंदाची बॅच उन्हाळ्यात बाहेर पडेल. त्याआधी एकदा तरी त्यांच्या हातांनी—"

"झालं तुझं पत्रक वाचून?" कर्नलसाहेब हसले. "दिली. पण मतलब, तुकडे तुकडे करणार का रे तिचे?"

"खोलतील आणि परत जोडतील. आपल्याकडेही तेच झालं असतं."

त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बरं."

मदनलालजींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "भाईसाहब, इस बार मेरे लड़के कालिख लेकर निकलेंगे." म्हणजे हाताला काळं ऑइल लागलेली मुलं. मेकॅनिकच्या धंद्यात तीच पदवी.

मला वाटलं होतं, टो करून गाडी नेऊ, संस्थेच्या वर्कशॉपमध्ये ढकलू आणि दुपारी इंजिन बाहेर. पण कर्नलसाहेबांनी गाडीला पॉलिश करून घेतलं. आतले पडदे धुऊन लावले. डॅशबोर्डवर पितळी पट्टी बसवली, काकूंच्या नावाची. संस्थेत मांडव, हार, फोटोग्राफर. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. मुलं कडक इस्त्रीत ओळीने उभी.

कर्नलसाहेबांनी किल्ली दिली. प्रिन्सिपलना ते एवढंच म्हणाले, "बस, इसे सँभालकर रखिएगा."

टाळ्या थांबेपर्यंतही मला राहवलं नाही. "सर, यह खोलने के लिए दी है. शोभा के लिए नहीं."

"खोलेंगे, खोलेंगे," प्रिन्सिपल म्हणाले. "पहले ऑर्डर तो आने दीजिए."

कसली ऑर्डर, ते मदनलालजींनी मला नंतर समजावलं. संस्थेने गाडी स्वीकारली त्या क्षणी ती सरकारी मालमत्ता झाली. मालमत्ता एक नग, मोटारगाडी, अखंड. इन्स्पेक्शनला ती तशीच दिसली पाहिजे. एक नट कमी निघाला तर वसुली इन्स्ट्रक्टरच्या पगारातून. वरची परवानगी आल्याशिवाय तिला पाना लावायचा नाही.

उन्हाळा आला. मी मुद्दाम गेलो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी होती, टायर खराब होऊ नयेत म्हणून. बॉनेटला कुलूप. मुलं तिला पुसत होती. दर शनिवारी 'पोंछना', म्हणजे पुसायची, असा नियमच झाला होता. आतल्या फळ्यावर रंगीत खडूचं इंजिन होतं.

"अर्ज़ी तो दी थी," मदनलालजी म्हणाले. वरून ऑर्डर आलीच नव्हती.

मी तसाच कर्नलसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग चहा अर्धा टाकून उठले. "चल."

प्रिन्सिपलसमोर ते ताठ उभे राहिले. "मैंने दी है, मैं कह रहा हूँ. खोलो इसे. आज. मेरे सामने."

"सर, आपका बड़ा आदर है," प्रिन्सिपल नम्रपणे म्हणाले. "लेकिन अब गाड़ी आपकी नहीं है. और सँभालकर रखने को तो आप ही ने कहा था."

ज्या माणसाने पलटणी हलवल्या, त्याला एक बॉनेट उघडता आलं नाही. शेडमधून निघताना त्यांनी काचेतून आत पाहिलं. पितळी पट्टी लखलखत होती.

"मालती असती तर हसली असती रे," ते म्हणाले. "तिला गाडी मळलेलीच आवडायची."

बॅच बाहेर पडली. पावसाळ्यात तिच्यातला एकजण आमच्याकडे नोकरी मागायला आला. मी ओळखलं. हारांच्या दिवशी पहिल्या ओळीत होता. माथुरसाहेबांनी सर्टिफिकेट चाळलं.

"इंजन खोला है कभी?"

"नहीं साहब."

"तो दो साल गाड़ी का किया क्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "साहब, पोंछी है."

माथुरसाहेब मोठ्याने हसले. तो आजही आमच्याकडे आहे. वॉशिंग रॅम्पवर. काम चोख करतो.

आता कोणी जुनी गाडी देणगी द्यायची म्हणून विचारायला आलं, तर मी चहा मागवतो आणि सांगतो: आधी इंजिन आमच्याकडे उतरवा, पूर्ण सुटं करा, पोत्यात भरा आणि मग पोती द्या. सुट्या भागांना या देशात हात लावता येतो. अखंड गाडीला फक्त हार घालता येतात.