साका ओळखणारं यंत्र

मुलांनो, आज सकाळी आढीतला पेंढा बाजूला केला आणि पिकत्या आंब्याच्या वासाबरोबर काही वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. शेजारच्या इंजिनियर मुलीने आंबा न कापताच आतला साका, म्हणजे खराब झालेला गर, ओळखणारं यंत्र बनवलं होतं, आणि मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब ते पाहायला आमच्या पडवीत बसले होते. यंत्राने बाजूला काढलेले पाच आंबे मी त्यांच्यासमोर कापले; पाचांतही साका निघाला. ती इतकी हरखली, की साहेबांनी पुढे केलेल्या इंग्रजी कागदावर न वाचताच सही करायला निघाली. "बाय, थांब," म्हणून मी कागद ओढून घेतला आणि तिला तो मराठीत वाचून दाखवायला लावला. कंपनीचा निर्णय होईपर्यंत यंत्र दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही असं त्यात होतं, आणि निर्णयाला मुदतच नव्हती. "आजी, आमची कमिटी बसेल ना!" साहेब हसले. "तुमची कमिटी बसेस्तोवर आमचा आंबा संपेल, मग ही वर्षभर काय करील?" शेवटी मुंबईला फोन करून त्यांनी कागदावर हाताने पंधरा दिवसांची मुदत लिहिली. सोळाव्या दिवशीही उत्तर नव्हतं, तेव्हा ती यंत्र घेऊन लांज्याला गेली, आणि तिथल्या बागायतदारांनी तिला संध्याकाळपर्यंत सोडलंच नाही. आठवड्याच्या आत साहेब परत आले. या वेळी कागद आम्ही दोघींनी लिहिला होता: यंत्रं कंपनीने बनवायची, पण ती कुणाला द्यायची हे हिने ठरवायचं. साहेबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि सही केली. हे लिहितानाही मला हसू आवरत नाहीये.