बार्बेरियनला जखमा बांधता येत नाहीत

शनिवार पेठेतून मी निघाले ती रिक्षातून. मांडीवर लाडवांचा डबा, शेजारी नवरा. जायचं होतं खडकीला. पुण्यातल्या पुण्यात, पण मी अशी रडत होते की जणू आफ्रिकेच्या बोटीत बसवलंय. पुलावर रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, ताई, जरा थांबू का? तर मी डोळे पुसत म्हणाले, नको, तुम्हाला उशीर होईल. लग्न माझं, रडणं माझं, आणि काळजी कसली, तर रिक्षावाल्याच्या वेळेची. ती बावळट मुलगी आज दारात आली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

निघताना माझे वडील सासऱ्यांना म्हणाले होते, "आमची पोर समजूतदार आहे. तिला काही सांगावं लागत नाही." सासऱ्यांनी ते फारच मनावर घेतलं. पुढे मला कुणी काही सांगितलं नाही, आणि विचारण्याचा तर प्रश्नच आला नाही.

हे मी लिहितेय तुम्हाला, खडकीच्या क्वार्टर्समधल्या माझ्या बायांनो. ज्या अजून तिथेच आसपास आहात त्यांना, आणि ज्या मुलांच्या मागे मोशीला, बंगळुरूला, न्यू जर्सीला गेलात त्यांनाही. तुम्ही ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवता, आणि त्याखाली मी किती शांत, किती सोशिक होते याच्या आठवणी काढता. बंद करा. डोकं फिरतं माझं.

कसली शांत? कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत यांचा डबा, मग सासूबाईंचा काढा, मग तुमची पोरं. कुणाचा गुडघा फुटला, कुणाला कांजिण्या आल्या, की पाठवा वहिनींकडे. वहिनींकडे आयोडीन असायचं, कापूस असायचा, आणि 'नाही' म्हणायची लाज तर पोत्याने असायची. मला स्वतःला कावीळ झाली होती तेव्हा तुमच्यातलीच एक जण उशाशी येऊन विचारून गेली, बाळाचे कान दुखतायत, काय घालू? आणि मी मान उचलून सांगितलं. वर म्हणाले, उद्या आणून दाखव. नाव सांगत नाही. जिची तिला कळेल.

हे रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावी लागली. विश्रांतवाडीत फ्लॅट घ्यायचं यांनी आणि आमच्या मंदारने ठरवलं. टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा मला कळलं की माझं शिवणयंत्र आदल्या दिवशीच भंगारवाल्याकडे गेलंय. नव्या घरात जागा नाही म्हणे. "आई ॲडजस्ट करेल," मंदार टेम्पोवाल्याला म्हणाला. टेम्पोवाल्याला! केलं ॲडजस्ट. आळंदी रोडच्या धुळीसकट ते घर माझं झालं. खालचा भाजीवाला मला कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवायला लागला, वाचनालयातली बाई नवं पुस्तक आलं की फोन करायला लागली. हे गेले तेही याच घरातून.

आता मुद्द्यावर येते. माझी नात सई आयटीत आहे. रविवारी तिची मित्रमंडळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमून एक खेळ खेळतात. कौस्तुभ नावाचा मुलगा गोष्ट सांगतो: गुहा, राक्षस, शापित राजवाडे. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आपण काय करणार ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. त्यांच्यातली एक मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली आणि सईने मला तिच्या खुर्चीत बसवलं.

प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो, म्हणजे पेशा म्हणा. सईचा लाडका विझार्ड. लांब उभं राहून मंत्राने आग फेकायची, स्वतःच्या अंगाला काही लागू द्यायचं नाही. वर्क फ्रॉम होमच ते. त्यांच्यातल्या फरहानचा जीव बार्डवर. हा बार्ड लढाईत गाणी म्हणतो आणि लढाई संपली की सगळं आपल्यामुळेच झालं असं सांगत फिरतो. तो पुढे मॅनेजर होणार. मला कुठला आवडतो हे कुणी विचारलं नाही. माझं पात्र तयारच होतं. क्लेरिक. इतरांनी लढायचं, हिने मागे उभं राहून देवाचं नाव घेत त्यांच्या जखमा भरायच्या. "आजी, तू हीलर. तुला शोभतं," सई म्हणाली.

कित्येक रविवार शोभले मी. एकदा तर मेलेला समजलेला गॉब्लिन, म्हणजे शत्रूकडचा एक बुटका राक्षस, कण्हायला लागला आणि मी सवयीने त्यालाही बरं केलं. तो उठला आणि त्याने सईच्या विझार्डच्या पोटात सुरा खुपसला. पोरं हसून हसून लोळली. मीही हसले. मग पोहे गरम करायला स्वयंपाकघरात गेले आणि माझे कान तापले. सत्तरी उलटली, जिथे माणूस गरुड होऊ शकतो अशा जगात पोचले, आणि तिथेही माझ्या हातात कापूस?

पुढच्या रविवारी मी सांगितलं, मला बार्बेरियन हवी. सई म्हणाली, अगं, ती रानटी असते. म्हटलं, माहितेय, भिंग लावून वाचलंय मी तुझं पुस्तक.

या बार्बेरियनची ताकद म्हणजे तिचा राग. राग चढला की तिला घाव निम्मेच लागतात आणि तिची कुऱ्हाड दुप्पट जोरात पडते. रागात असताना तिला मंत्र म्हणता येत नाहीत, म्हणजे कुणाची मलमपट्टी करा म्हणायची सोय नाही. आणि कौस्तुभच्या खेळात एक कडक अट: दर फेरीत कुणावर तरी वार करायचाच, नाहीतर राग विझतो. माझे सगळे राग असेच विझले होते की. पहिल्या लढाईत मात्र जीभ पुण्याचीच राहिली. मी राक्षसाला म्हणाले, अहो, जरा बाजूला होता का? तो झाला नाही. मग कुऱ्हाड.

असंच एका रविवारी ऐन लढाईत मंदार गॅलरीतून फोन संपवून आत आला. हिंजवडीचा फ्लॅट पक्का झाला, हा भाड्याने जाणार, पुढच्या महिन्यात शिफ्ट व्हायचं. हे त्याने सुनेला सांगितलं, सईला सांगितलं, पंख्यालाही सांगितलं असेल. माझ्याबद्दल एवढंच, की आईला मागची खोली देऊ, तिला शांतता आवडते. टेबलावर फरहानचा बार्ड मरायला टेकला होता आणि माझी पाळी होती. पोरं माझ्याकडे बघत होती.

"मंदार, मी येत नाही. तुम्ही जा."

त्याला वाटलं, खेळातलंच काहीतरी. हसला.

"हे खेळातलं नाही. घर माझ्याही नावावर आहे. भाडेकरूला नाही म्हणून कळव."

"अगं, एकटी राहणार तू? आणि हे सगळं आम्ही कुणासाठी करतोय?"

"मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तो जेवला नाही त्या दिवशी. जुनी मी असते तर ताट घेऊन त्याच्या मागे मागे फिरले असते, चुकलं रे माझं म्हणत. मी ताट झाकून ठेवलं आणि पेपर वाचत बसले. भांडी आवरताना सून हळूच म्हणाली, "आई, विचारलं मलाही नव्हतं." मग मला तिच्या वाट्याचाही राग आला. बार्ड वाचला, फाशाची कृपा.

पुढच्या महिन्यात ते तिघं हिंजवडीला गेले. लगेच सुख वगैरे लागलं असं समजू नका. पहिल्या आठवड्यात कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. मंदार फोनवर अजून तुटक बोलतो, आणि त्याची मला आठवण येते ती येतेच. पण राग गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी काही करणारही नाही. हट्टी म्हातारी म्हणा हवं तर. सोशिकपेक्षा बरं वाटतं ऐकायला.

परवा सईचा फोन आला. "आजी, रविवारी तुझ्याकडे खेळायला येऊ का?" येऊ का! तीन घरं झाली आयुष्यात, माहेरचं, खडकीचं आणि हे. माझ्या दारात यायला माणसाने आधी मला विचारावं, असं एकातही झालं नव्हतं. बायांनो, मला विचाराल तर घर म्हणजे एवढंच. जिथे मी नाहीसुद्धा म्हणू शकते.

थांब, कॅलेंडर बघून सांगते, म्हटलं. पोरीला जरा धाकधूक होऊ दिली. मग म्हणाले, या. पोहे तुम्ही करायचे.