जाळीतून आलेला उजेड

दुपारचे अडीच वाजलेत. स्टुडिओतल्या बाकावर मी आडवी झालेय, चपला पायातच. डोळे मिटले तरी मोठ्या सॉफ्टबॉक्स दिव्याचा पांढरा चौकोन पापण्यांच्या आत तसाच आहे.

रोहिणीबाई आवटी पाच वाजता परत येणार आहेत. एकवीस वर्षं त्यांनी इथं मिरजेत मुलींच्या शाळेत खिचडी शिजवली. एकदा उकळतं पातेलं कलंडलं, एका मुलीला मागं ओढताना बाईंचा डावा गाल भाजला. आता त्या निवृत्त होताहेत आणि शाळेला त्यांचा फोटो लावायचाय. सकाळी मी सॉफ्टबॉक्स अगदी जवळ घेतला. त्याच्या कापडातून उजेड असा मऊ पसरतो की गालावरचा व्रण जवळजवळ दिसेनासा झाला. फोटो बघून बाई म्हणाल्या, ही दुसरीच कुणीतरी आहे, पोरी ओळखायच्या नाहीत. तीनदा काढला, तीनदा तेच म्हणाल्या. शेवटी माझा चेहरा बघून त्यांनीच मला जरा पडायला सांगितलं.

पंख्याचा आवाज लांब जातो.

"दिवा किती वर घेतलायस," बिडवे मास्तर म्हणतात.

ते कॅमेऱ्यामागच्या स्टुलावर बसलेत. स्टुडिओ त्यांचाच, उजेड वळवायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली हे मला आत्ताही ठाऊक आहे, तरी मी आधी चहाचं विचारते. ते नको म्हणतात. मी दिवा खाली घ्यायला जाते, पण स्टँडचा स्क्रू सुटत नाही.

स्टँडला सलाइनची बाटली लटकतेय. मास्तर दवाखान्यातल्या कॉटवर आहेत, गाल आत गेलेले. इथंच त्यांनी मला स्वतःचा फोटो काढायला सांगितला होता, आहे तसा. मी खिडकीला पांढरी चादर बांधून ऊन मऊ केलं होतं, आणि तरी जे दिसलं ते नंतर कॉम्प्युटरवर पुसलं होतं.

"आमच्या घरी भिंतीवर कुणाला लावलंयस?"

"तुम्हालाच."

"सात महिने आजारी होतो मी. त्या फोटोत त्यातला एक दिवससुद्धा नाही."

आवाजात राग नाही. तेही दमलेत. मी सांगते की काकूंना, त्यांच्या बायकोला, तो फोटो आवडला, आलेगेले सगळे चांगलं म्हणतात. ते सगळं ऐकून घेतात.

"मला बघवत नव्हतं, मास्तर."

"ते कळलं होतं मला. पण फोटो माझा होता, कुंदा."

मी कॉटच्या पायथ्याशी बसते. पायांना ओली फरशी लागते. शाळेचं स्वयंपाकघर आहे, पातेल्यांतून वाफ निघतेय, आणि मास्तर खिडकीपाशी उभे आहेत. त्यांच्या हातात काळी जाळी आहे, मधमाशांच्या पोळ्यासारख्या घरांची. दिव्यापुढं लावली की उजेड पसरत नाही, सरळ जातो. ते ती उन्हासमोर धरतात. वाफेतून एक अरुंद पट्टा निघून थेट समोरच्या भिंतीवर पडतो.

मी विचारते, तुम्ही बाईंचा फोटो कसा काढला असता?

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

ते जाळी माझ्या उजव्या तळहातावर ठेवतात आणि दोन्ही हातांनी माझी मूठ आवळतात. दुखतं. मी सोडा म्हणत नाही. थोडं थांबा, एवढंच म्हणते, पण वाफ दाटत जाते आणि हातावरचा भार हलका होतो.

जाग येते तेव्हा पाचला दहा कमी आहेत. रोहिणीबाई आधीच येऊन खुर्चीत बसल्यात, मला उठवायचं त्यांच्या जिवावर आलेलं. मी उठून माळ्यावरचा खोका काढते. मास्तर गेल्यापासून तो कुणी उघडलेला नाही, वर बोटभर धूळ आहे. जाळी आतच आहे.

खोका उतरवून घेताना बाई माझा हात धरतात. उजव्या तळव्यावर लाल सहाकोनी घरं उमटलीत, ओळीनं, खोल. त्या त्यावरून अंगठा फिरवतात.

"भाजलं का?"

"नाही," मी म्हणते. "बाई, उजेड कुठून घेऊ?"

त्या पदर नीट करतात आणि डावा गाल माझ्याकडं वळवतात.