गाडी गप्प करणारा

डिचोली तालुक्यात गाडीत कुठे काही खुळखुळलं, कुरकुरलं किंवा घुमू लागलं, की लोक मुळगावच्या गुरुदासकडे येत. बोनेट उघडायच्या आधी तो कान उघडायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ डाव्या कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. खाणीवरचे ट्रक त्याने तीस वर्षं असेच तपासले. मग खाणी बंद पडल्या, ट्रक लोकांच्या अंगणात गंजत बसले, आणि गुरुदासने तो स्क्रूड्रायव्हर खुंटीला टांगून घरामागच्या शेडमध्ये दुसरंच काम धरलं. दाराच्या पत्र्यामागे, पायाखाली, डिकीत काळ्या चिकट शीटा बसवायच्या आणि गाडीचा आवाज मारायचा. माणसाला गप्प करणं सोपं, गाडीला महाकठीण, असं तो म्हणे.

त्याचं स्वतःचं घर मात्र काही न करता गप्प झालं होतं. बायको देवकी तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी गौरवी लग्न होऊन वास्कोला. रविवारी तिचा फोन यायचा, "बाबा, जेवलो मू?" एवढं विचारायची, तो हो म्हणायचा, की झालं. बाकीचे सहा दिवस त्याला हाक मारणारंही कोणी नसे. तक्रार करायचा त्याचा स्वभाव नव्हता, पण संध्याकाळी शेडला कुलूप लावताना हात मुद्दाम सावकाश चालायचे.

गेल्या नोव्हेंबरात पेडण्याहून कृष्णनाथ आला. बत्तीस वर्षं जहाजावर काढलेला तारवटी. विशीत कुठल्याशा परक्या बंदरावर जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार बघून वेडा झालेला. खरी गाडी कुठून आणणार? दुधाची तहान ताकावर म्हणून निवृत्तीनंतर त्याने तिची हुबेहूब नक्कल बनवून घेतली. लांबलचक नाक, दोनच सीट, हिरवागार रंग, वर कापडी टप. पण अंग सगळं फायबरचं आणि इंजिन आपल्याकडच्याच एका जुन्या जीपचं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! वेग धरला की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटे.

"माका रेस नाय मारूची," कृष्णनाथ म्हणाला. "बत्तीस वर्सां हिच्याकडे फोनार बोललंय. आता बाजूक बसान बोलूचा आसा. तर गाडयेत बोंब मारूची लागता!"

"बोंब मारलास तरी ऐकता कोण?" बरोबर आलेली त्याची बायको हर्षा म्हणाली, आणि दोघं हसली. गुरुदासला त्यांचा हेवा वाटला. आडपडदा कशाला, चांगलाच वाटला.

फायबरचा आवाज मरत नाही म्हणून दोन ठिकाणी कृष्णनाथला हात हलवत परत पाठवलं होतं. ते ऐकून गुरुदासचं पित्त खवळलं. "साठाचेर गाडी आसतना बायल हळू उलयली तरी आयकूंक येतलें," तो म्हणाला. "ना आयलें जाल्यार हांव हो धंदोच सोडटां." साठाच्या वेगाला बायकोचं हळू बोलणं ऐकू आलं नाही तर धंदा सोडायचा, असं बोलून गेला खरा, पण आता पाऊल मागे घेणं त्याच्या जिवावर आलं असतं. बाजारातल्या चहाच्या गाड्यावर दुसऱ्या दिवशी पैजेची बातमी पोचली होती. ह्या कामावाचून त्याच्याकडे दुसरं होतं तरी काय?

त्याने सीट काढल्या, गालिचा काढला आणि बोटाच्या पेराने सगळं अंग ठोकत गेला. जिथे ठणठणे तिथे खडूची खूण. मग थिनरने पुसून, गरम हवा मारून एकेक शीट बसवली आणि रूळ फिरवून आतली हवा काढली. इंजिनासमोरची भिंत, पायाखालची जमीन, मधला गिअरचा उंचवटा. त्यावर फोम, त्यावर नमदा. आठ दिवस गेले.

परीक्षेची त्याची रीत ठरलेली होती. काम संपलं की देवकीला बाजूला बसवायचं आणि तिने नेहमीच्या आवाजात बाजाराची यादी म्हणत राहायचं. तांबडी भाजी, बांगडे, उंडे, खोबरेल. ज्या वेगाला बांगडे ऐकू येईनासे होत, तिथे काम कच्चं. देवकी गेल्यावर त्याने ही परीक्षाच सोडून दिली होती. ती जागा दुसऱ्या कोणाला द्यायला मन होत नव्हतं. पण ह्या खेपेला पैज होती, म्हणून त्याने हर्षाबाईंना बसायला सांगितलं.

"काय बोलू?" त्यांनी विचारलं.

"कितेंय उलयात."

त्या गुडघेदुखीपासून सुरू झाल्या. चाळिसाला शब्द तुटायला लागले. साठाला त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसले, आवाज काही नाही. गुरुदासचं तोंड उतरलं. "जालें ना," एवढंच बोलून त्याने गाडी वळवली. हर्षाबाईंना नवल वाटलं. त्यांना गाडी चांगली शांत वाटली होती. पण कारागिराला आपण काय शिकवायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या.

त्याने पुन्हा सगळं उचकटलं. शीटेवर शीट, फोमवर फोम. दुपारचं जेवण राहून जाऊ लागलं. गाडी इतकी जड झाली की ढकलून शेडबाहेर काढताना त्याचा दम निघाला. दहा दिवसांनी दुसरी परीक्षा घेतली. साठाला पुन्हा तेच.

गुरुदासने शेडसमोर गाडी उभी केली, खाली उतरला आणि चावी कृष्णनाथच्या हातावर ठेवली. "हारलों हांव. दुसरो मनीस सोदात." कोणासमोर रडायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो हात पुसत राहिला.

"एक फेरी आमी मारून येतंव," कृष्णनाथ म्हणाला. दोघं आसनोड्याच्या दिशेला गेली आणि पंधरा मिनिटांनी भांडतच परतली.

"सत्तराच्या वेगार ही पुटपुटली, ता माका ऐकाक इला!" गाडीतूनच कृष्णनाथ ओरडला. "माझ्या आवशीक नावां ठेवता!" तो खूश होऊन हसत होता आणि हर्षाबाई लाजून लाल.

गुरुदास उभाच राहिला. त्याला वाटलं, आपली चेष्टा चालली आहे. हर्षाबाई उतरून त्याच्या डाव्या बाजूला आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. तो वळला नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. तरीही तो समोर बघत राहिला. मग त्या वळसा घालून उजवीकडे आल्या.

"गुरुदासबाब, त्या कानान तुमका ऐकाक येना?"

त्याने उजव्या कानात बोट घातलं. कृष्णनाथचं तोंड हलत होतं, इंजिन चालू होतं, शेडच्या पत्र्यावर माकडं उड्या मारत होती, आणि त्याच्यापर्यंत ह्यातलं काही पोचत नव्हतं. बोट काढलं तसं सगळं परत आलं. चालवणाऱ्याच्या बाजूला बसणारा माणूस डावीकडेच बसतो. त्या दोन्ही परीक्षांत गाडी गप्पच होती, अठरा दिवसांतले दहा त्याने उगीच घातले होते. तो पैज जिंकला होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

"कधीच्यान असा?" हर्षाबाईंनी हळूच विचारलं.

गुरुदास आठवू लागला. गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतं. बाजारात सगळे ओरडतातच. वर्ष झालं की दोन, की देवकी गेल्या दिवसापासून? कितीही मागे गेला तरी त्याला कोणी डावीकडून बोललेलं आठवेना.

"म्हाका खबर ना, बाई," तो म्हणाला. "घरांत कोण उलोवपी मनीस आसलो जाल्यार कळटलें."